पद्माकरच्या गेटचं बटण

आमच्या पद्माकरकडून घरातलं काही काम करून घ्यायचं असेल तर ते कागदावर लिहून द्यावं लागतं. तोंडी सांगितलेलं त्याला ऐकू येतं, पण हात हलत नाही. माझी भावजय सरोजिनी होती तेव्हा ती कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहायची, 'स्वयंपाकघरातली ट्यूब बदलणे', खाली सही ठोकायची, मग हा बाबा स्टुलावर चढायचा. ट्यूब लागली की 'काम पूर्ण' लिहून स्वतःची सही, आणि कागद परत तिच्या हातात. ती मला म्हणायची, "आक्का, लग्नात यांनी माझ्याकडून काय काय लिहून घेतलं होतं ते एकदा बघायला हवं."

पद्माकर माझा धाकटा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आम्ही अंबरनाथचे. आई सदा आजारी, म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि पद्माकर माझ्या कडेवर आला. पुढचं जे काही लिहायला वाचायला शिकले ते त्याच्या पाटीवरून. तो वायरमनचं शिकला, चेंबूरला कारखान्यात लागला, आणि ब्याण्णव साली सरोजिनीला आणि मुलाला, प्रबोधला, घेऊन सिंगापूरला आला. तेलाच्या कारखान्यात मोटरी आणि झडपा सांभाळायचं काम. तेव्हा तिकडे बोटीने जावं लागायचं. पुढे समुद्रात भर टाकून बेटाला बेट जोडलं, जुरोंग आयलंड झालं, रस्ता झाला, आणि पद्माकर कंपनीच्या बसने जायला लागला. तेवीस वर्षं गेला. तिथे परमिटाशिवाय कुणी पान्याला हात लावत नाही. काय काम, कुणी सांगितलं, कुणी करायचं, सगळं लिहून सही. त्याचं म्हणणं असं की वरच्या माणसाने लिहून दिलं म्हणजे त्याने विचार केलेला असतो. खालच्याने शंका काढत बसलं तर काम कधी व्हायचं?

मला हे पटायचं. तेलाच्या कारखान्यात ते खरंही असेल.

सरोजिनी गेल्यावर पद्माकरने आंग मो किओचा फ्लॅट विकला आणि प्रबोधकडे राहायला गेला. प्रबोधने जालान कायूच्या बाजूला ओळीतलं एक घर घेतलं होतं, पुढे गाडी लावायला जागा आणि बाजूला सरकणारं मोटरवालं गेट. मी माझ्या मुलीकडे, उल्काकडे, सेंगकांगला. बसने पंधरा मिनिटं. दर गुरुवारी दुपारी पद्माकर माझ्याकडे चहाला येतो. म्हातारपणी भाऊ बहीण परदेशात एका बसच्या अंतरावर राहतात, एवढं नशीब कुणाला असतं? मी उल्काला म्हणायचे, "देवाने हे एक काम न सांगता केलं." पद्माकर म्हणायचा, "सही घेतली का त्याची?"

दोन हजार सतराच्या मार्चमध्ये एका गुरुवारी तो आला. चहा निवला तरी कपाला हात नाही. मी विचारलं, "काय रे, सूनबाई काही बोलली का?"

"निहारिका कशाला बोलेल? ती बोलायला घरी असते कधी?"

"मग?"

बराच वेळ त्याने टेबलावरच्या प्लास्टिकवर नखाने रेघा ओढल्या. मग सांगितलं. सोमवारी तो दवाखान्यातून निघाला, बसमध्ये बसला, उतरला, लिफ्टने वर गेला आणि दाराला चावी लावली. चावी फिरेना. तो झटापट करत राहिला. आतून एका चिनी बाईने दार उघडलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे आंग मो किओ आहे. तीन वर्षांपूर्वी विकलेलं घर. बाई भली होती. तिने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, कुणाला फोन करू का म्हणून विचारलं. हा नको म्हणाला आणि बसने घरी आला.

"आक्का, चावी लावली मी. प्रबोधच्या घराची चावी."

"वय झालं रे. मी नाही का, चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधत?"

"तसं नाही हे. तुला सांगितलं ते सांगितलं. प्रबोधला सांगू नकोस. त्याला बोलायचं झालं तर मी बोलेन."

मी म्हटलं, "नाही सांगत."

चार दिवस नाही सांगितलं. पाचव्या दिवशी दुपारी मी एकटीच होते आणि मला दिसायला लागलं की हा कुठल्या तरी रस्त्यावर उभा आहे, कडेवरच्या पोरासारखा, आणि मी इथे टीव्ही बघते आहे. मी प्रबोधला फोन लावला आणि सगळं सांगितलं. चावीचंही सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "बरं केलंस आत्या. मी बघतो काय ते. तुझं नाव येणार नाही."

मला वाटलं डॉक्टरकडे नेईल. माणूस आणखी काय करणार?

महिनाभराने प्रबोधने एक डबा आणला. पांढरा, साबणाच्या वडीएवढा. गेटला जोडला की गेट फोनवरून उघडतं, तुम्ही जगात कुठेही असा. रविवारी मला जेवायला बोलावलं होतं, तेव्हा तो त्याने बापाच्या पुढ्यात ठेवला आणि शेजारी एक छापलेला कागद ठेवला. पद्माकरने कागद आधी उचलला. त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. रिटायर झाल्यापासून त्याला कुणी छापील काम दिलं नव्हतं. प्रबोधने बापाला ओळखून तीन ओळी लिहिल्या होत्या. एक, डबा गेटच्या मोटरला जोडणे. दोन, आतल्या भिंतीवरचं बटण काढणे. तीन, जुने रिमोट जमा करणे. खाली सही.

"बटण कशाला काढायचं?" मीच विचारलं.

"इरा दाबते आणि धावत रस्त्यावर जाते, आत्या," प्रबोध म्हणाला.

इरा म्हणजे माझी नात, म्हणजे पद्माकरची, सात वर्षांची. ती लगेच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मी नाही दाबत. वन टाइम ओन्ली, लाह."

"वन टाइमसुद्धा नाही," पद्माकर म्हणाला. "परमिटात आहे."

जेवण झाल्यावर तो बाहेर बसला आणि मी शेजारी स्टूल घेऊन बसले. मोटरच्या पेटीचं झाकण काढून त्याने मला समजावून सांगितलं. भिंतीवरच्या बटणापासून दोन तारा आत येतात. बटण दाबलं की त्या दोघी क्षणभर एकमेकींना शिवतात आणि मोटर म्हणते, बरं, उघडते. पुन्हा शिवल्या की बंद करते. मोटरला एवढंच कळतं. कुणी शिवलं, का शिवलं, तिला पत्ता नाही. हा पांढरा डबा तेच करतो, फक्त बोटाऐवजी फोनच्या हुकमावर. त्याच्या दोन तारा त्याच दोन स्क्रूंवर आवळायच्या. गेटच्या कडेला एक लोहचुंबक लावायचा, म्हणजे गेट उघडं आहे की मिटलेलं ते फोनला समजतं.

"मग बटण राहिलं तर बिघडतं का काही?" मी विचारलं.

"काही नाही. दोन्ही एकत्र नांदतात. पण कागदात काढ म्हटलंय."

त्याने बटणाच्या तारा सोडवल्या, टोकांना काळी टेप गुंडाळली, भिंतीतल्या भोकावर पांढरं झाकण बसवलं. किती नीट केलं म्हणून सांगू, तिथे कधी बटण होतं हे कुणाला कळलं नसतं. तिन्ही रिमोट आणून प्रबोधच्या हातात दिले. मग प्रबोधने फोनवर बोट ठेवलं आणि गेट सरकलं. इराने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"माझ्या फोनमध्ये कधी घालतोस?" पद्माकरने विचारलं.

"घालतो बाबा. तुमचा फोन जुना आहे, बघावं लागेल."

पद्माकरने कागदावर 'काम पूर्ण' लिहिलं आणि सही केली.

सोमवारी सकाळी तो रोजच्या फेरीला निघाला तर गेट बंद. प्रबोधला फोन केला. प्रबोध म्हणाला, "हो, उघडतो. कुठे निघालात?" मंगळवारी तेच. "कुठे निघालात, किती वेळात येणार?" बुधवारी प्रबोध म्हणाला, "आज ऊन फार आहे बाबा, राहू दे. संध्याकाळी निहारिका आली की तिच्याबरोबर जा." पद्माकरने तेही ऐकलं. गुरुवारी माझ्याकडे यायचा दिवस. तीन वाजता मला त्याचा फोन.

"आक्का, मला यायला जमणार नाही."

"का? बरं नाही का?"

"मी बरा आहे. गेटला बरं नाही."

मी हसले, पण तो हसला नाही. मी बस पकडून गेले. तो बाहेरचे बूट घालून, पिशवी हातात घेऊन गेटच्या आत उभा होता आणि मी बाहेर. मध्ये गज. लहानपणी मी शाळेच्या फाटकाबाहेर अशी त्याची वाट बघत उभी राहायचे, पण ते फाटक घंटा झाली की शिपाई उघडायचा.

"प्रबोध फोन उचलत नाही," तो म्हणाला. "मीटिंगमध्ये असेल."

"अरे मग तूच सोडव ना ते! वायरमन ना तू? त्या मोटरला हाताने उघडायची चावी असते म्हणाला होतास."

"असते. जिन्याखालच्या खोलीत खिळ्याला आहे."

"मग?"

"मग काय? घरमालक परवानगी देत नाही आणि मी चोरासारखा स्वतःच्या घरातून बाहेर पडू?"

'परमिट' असेल तर हा दहा पावलं पुढे, नसेल तर जागचा हलणार नाही. मला रागही आला आणि स्वतःचीच लाजही वाटली, कारण कुणाला काय सांगितलं ते माझं मला ठाऊक होतं. तेवढ्यात प्रबोधचा फोन आला. पद्माकरला कानाशी नीट ऐकू येत नाही, तो फोन मोठ्या आवाजावर ठेवतो.

"आक्का बाहेर उभी आहे," तो म्हणाला. "गेट उघड."

"आत्या आली? बरं झालं. उघडतो." गेट घरघरलं आणि हळूहळू सरकायला लागलं. फोनमधून प्रबोध बोलतच होता. "आत्या, तूच समजाव आता त्यांना. तूच म्हणाली होतीस ना, आंग मो किओला त्या जुन्या फ्लॅटच्या दाराला चावी लावत होते म्हणून. मी हे कुणासाठी करतोय? उद्या काही झालं तर?"

गेट पूर्ण उघडलं. आमच्यामध्ये काहीच उरलं नाही. पद्माकरने फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मला भीती वाटली रे." त्याने मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. मग म्हणाला, "ये, आत ये. उन्हात उभी राहू नकोस. चहा करतो." तो बाहेर पाऊल टाकेल असं मला वाटत होतं. गेट उघडं होतं, बूट पायात होते. तो मागे फिरला आणि स्वयंपाकघरात गेला. चहा फक्कड केला, त्यात आलंही घातलं.  मी बसने परत आले.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला प्रबोधचा फोन. "आत्या, येतेस का लगेच? बाबांनी गेट बंद केलंय."

"ते तर तूच बंद केलंस ना?"

"आत्या, प्लीज."

उल्काने मला टॅक्सीत बसवून दिलं. जाऊन गजांतून बघते तर प्रबोध टाय लावून अंगणात, निहारिका गाडीशेजारी इराचं दप्तर धरून, आणि पद्माकर प्लास्टिकच्या खुर्चीत, मोटरच्या पेटीशेजारी, गेट हाताने उघडायची चावीही त्याच्याच मुठीत. भिंतीवरचा मोटरचा मेन स्विच खाली ओढलेला आणि त्याच्या दांडीतून एक लाल कुलूप अडकवलेलं. कुलपाला पिवळी चिठ्ठी, त्यावर पद्माकरचा फोटो. खाली त्याच्या वळणदार अक्षरात: 'काम चालू आहे. स्विच लावू नये. पद्माकर.'

हे कुलूप म्हणजे काय ते मला तेव्हा निहारिकाने सांगितलं. तिकडे कारखान्यात मोटर उघडून कुणी काम करत असलं की तो तिच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि चावी खिशात ठेवतो, म्हणजे आतमध्ये माणसाचा हात असताना दुसऱ्याने वीज सुरू करू नये. ज्याचं कुलूप, तोच ते काढणार. कारखान्याचा साहेब आला तरी दुसऱ्याचं कुलूप तोडत नाही. रिटायर होताना त्याच्या माणसांनी त्याला ते भेट दिलं होतं.

"बाबा, माझी नऊ वाजता मीटिंग आहे," प्रबोध म्हणाला.

"फोन करून सांग, ऊन फार आहे."

इरा हसली. निहारिकाने तिला डोळ्यांनीच गप्प केलं, पण तिच्याही ओठांच्या कडा हलल्या.

"तुम्ही पोरासारखं करताय बाबा."

"पोरासारखं ठेवलंस, पोरासारखं करतोय."

"ते कुलूप मला तोडता येतं."

"येतं की. बाजारात पक्कड मिळते."

प्रबोध कुलपाजवळ गेला. चिठ्ठीवरच्या फोटोकडे बघत उभा राहिला. तो लहान असताना पद्माकर त्याला झोपताना गोष्टी सांगायचा त्या राजाच्या नव्हत्या, या कुलपाच्या होत्या. कुणाचं कुलूप कुणी तोडलं, मग त्या माणसाच्या हाताचं काय झालं. प्रबोधने कुलपाला बोट लावलं नाही. तो खाली वाकला, बापाच्या खुर्चीशी उकिडवा बसला, इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता.

"बाबा, तुम्ही हरवलात तर मी काय करू?"

"हरवलो तर कुणाला तरी रस्ता विचारीन. त्या बाईने विचारलं मला, फोन करू का म्हणून. अनोळखी बाई होती. तू मुलगा असून एकदा विचारलं नाहीस. कागद दिलास. खोटा कागद."

"खोटा नव्हता."

"इरा बटण दाबते असं होतं त्यामागे. इराला विचार."

इरा आईच्या मागे गेली. प्रबोध खाली बघत होता. मग म्हणाला, "मला तुम्हाला तसं तोंडावर सांगता येईना. तुम्ही कसे बघाल, तेच डोळ्यांपुढे यायचं. कागद सोपा वाटला."

"सोपा होताच. तेवीस वर्षं माझ्या हातात कुणी खोटं परमिट दिलं नाही रे. जीव जातो त्याने. मी वाचलं, सही केली, आणि माझ्या हाताने मला कोंडून घेतलं. आणि वर म्हटलं, छान बसलं झाकण."

निहारिकाने दप्तर खाली ठेवलं. "बाबा, काय लिहून हवंय तुम्हाला ते सांगा," ती म्हणाली. "मी लिहिते, तो सही करेल."

त्याने सांगितलं आणि तिने इराच्या वहीतलं पान फाडून गाडीच्या टपावर ठेवून लिहिलं. बटण पुन्हा बसवणे. डबा राहू दे, गाडीसाठी सोयीचा आहे. एक रिमोट पद्माकरकडे. पद्माकरने डॉक्टरकडे जायचं, काय होतंय ते त्याने स्वतः सांगायचं. खिशात पत्त्याचं कार्ड ठेवायचं. प्रबोधने सही केली. पद्माकरने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. पूर्वी तो एकदाच वाचायचा. मग खिशातून चावी काढली, कुलूप उघडलं, स्विच वर केला. गेट सरकलं, मी आत आले, प्रबोध गाडी घेऊन गेला आणि पद्माकरने दहा मिनिटांत बटणाच्या तारा डब्याच्या तारांशेजारी आवळल्या. टेप काढताना मी म्हटलं, "धरू का काही?"

"नको," तो म्हणाला. "एकट्याचं काम आहे."

पुढे तो डॉक्टरकडे गेला. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, महिने उलटे म्हणायला लावले. आत्ता पक्कं काही सांगता येत नाही, सहा महिन्यांनी या, असं म्हणाले. प्रबोध आणि तो हल्ली संध्याकाळी जालान कायूला पराठा खायला दोघेच जातात, इराला न घेता, याचा इराला राग आहे. बाप लेकाचं जुळलं. मुलगा आहे, त्याने कोंडलं तरी बापाने शेवटी त्याच्याच खांद्यावर हात ठेवायचा असतो. मला ते कळतं.

दर गुरुवारी तो माझ्याकडे येतो, वेळेवर. माझ्या गुडघ्याची चौकशी करतो, उल्काचा बिघडलेला पंखा दुरुस्त करून देतो, आणि आता त्यासाठी कागदसुद्धा मागत नाही. पण त्याच्या आतलं काही बोलत नाही. "कसा आहेस?" म्हटलं की "मस्त." "झोप लागते का?" "मस्त." भाऊ माझ्या पुढ्यात बसलेला असतो आणि मी त्याच्या तब्येतीची बातमी निहारिकाकडून घेते. एकदा मी सरळ माफी मागितली. तो म्हणाला, "त्याचं काय एवढं, आक्का," आणि बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

मागच्या गुरुवारी उल्का अर्ध्या दिवसाची रजा घेऊन कामावरून येत होती. आंग मो किओच्या बस थांब्यावर तिला मामा दिसला, बाकावर बसलेला. तिची बस सुटत होती, म्हणून हाक मारता आली नाही. तिने येऊन मला सांगितलं. दोन तासांनी पद्माकर आला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

मी विचारलं, "आज कुठून आलास?"

"कुठून म्हणजे? घरून. थेट."

माझ्या तोंडून निघालं, "हो का?" आणि मी चहा गाळायला वळले. तो मला टाळण्यासाठी खोटं बोलला की त्याला खरंच आठवलं नाही, हे आता मला त्याच्याकडून कधी कळणार नाही. पूर्वी त्याने सांगितलं असतं. प्रबोधचा नंबर माझ्या फोनमध्ये पहिलाच आहे. तो गेल्यावर मी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

सांगितलं तर पुन्हा तेच करते. नाही सांगितलं, आणि तो कुणाच्या दाराला चावी लावत उभा राहिला, तर तेही मीच केलं.

आज बुधवार आहे. मी उल्काला सांगून ठेवलंय, उद्या तो चहा पिऊन निघाला की मीही भाजी आणायची म्हणून त्याच बसने जाईन. पुढच्या दाराने तो चढला की मी मागे राहीन, तो उतरेल तिथे उतरेन. त्याला दिसले तर चिडेल. चिडू दे. त्या निमित्ताने तरी मला काही बोलेल.